हलगीला ऊब, पेटीला सावली

मुलांनो, आमची शाळा महाडला, चवदार तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. मार्च महिना अर्धा सरला की तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मांडव पडतात, पुस्तकांची दुकानं लागतात, लाउडस्पीकरची ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ सुरू होते. मग लांबून ढोलकीची थाप ऐकू येते. मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहीत असते आणि माझ्या पाठीमागे तीस जणांची बोटं बाकावर ताल धरतात. मी वळले की सगळे हात खाली! फक्त शेवटच्या बाकावरचा एक मुलगा थांबायचं विसरतो. त्याचे डोळे मिटलेले असतात. त्याचं नाव मी इथे सांगत नाही, त्याला ते आवडायचं नाही.

२०२३ च्या दिवाळीची सुट्टी संपली आणि एके दिवशी त्यानेच मला विचारलं, “बाई, आपल्या शाळेत वाद्यं नाहीत का हो?”

“आहेत की,” मी म्हणाले. म्हणाले खरी, पण माझा चेहरा पडला. कारण त्या वाद्यांची गोष्ट म्हणजे माझ्या चुकांची गोष्ट होती. तीच आज तुम्हाला सांगते. घरात किंवा शाळेत एखादं वाद्य असेल तर तुमच्या उपयोगी पडेल.

जुलै २०२१ चा महाडचा पूर तुम्ही कदाचित बातम्यांत पाहिला असेल. २२ तारखेच्या पावसाने सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या गावात शिरल्या. तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली गेले. करोनामुळे शाळा तशीही बंद होती. पाणी ओसरल्यावर आम्ही शिक्षक चिखल तुडवत शाळेत गेलो. कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यात जुनी हजेरीपत्रकं कोरडी ठणठणीत आणि खालच्या कप्प्यात पेटी गाळाने भरलेली. शेजारी ढोलकी, तिची शाई सुटून आलेली. कागद वर आणि वाद्यं खाली, ही मांडणी कोणी केली होती? मीच! पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. चार दिवसांनी ऊन पडलं तशी मी पेटी उचलली आणि भर उन्हात ठेवून दिली. वाटलं, लवकर वाळेल. वाळली, पण लाकूड बाहेरून भराभर आकसलं आणि आतून ओलंच राहिलं. सांधे उकलले, वरची फळी पापडासारखी वाकली. पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती पुढे पाहिली तेव्हा ते म्हणाले, “बाई, पुराने अर्धी मारली होती, उरलेली उन्हाने मारली. भिजलेली पेटी आधी स्वच्छ फडक्याने टिपायची, उघडून सावलीत, वाऱ्यावर ठेवायची आणि आठ-पंधरा दिवस वाट बघायची.” तेव्हापासून मी मुलांना सांगते: पेटीला सावली.

माझे वडील पोलादपूरकडच्या आमच्या गावी भजनाला पेटीवर असायचे. त्यांच्या मांडीवर बसून मी पेटीचं पोट पाहिलं होतं. तुम्हीही मोठ्यांच्या मदतीने एकदा पाहा. आत पितळेच्या लहान-लहान पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांना रीड म्हणतात. भात्याने हवा भरायची आणि वरची पट्टी दाबायची, की हवा त्या पितळी जिभेखालून निसटते आणि जीभ थरथरते. लांब जीभ सावकाश थरथरते, म्हणून आवाज खाली. आखूड जीभ भराभर थरथरते, म्हणून आवाज वर. दोरीवरच्या उड्यांसारखंच आहे बघा, लांब दोरी सावकाश फिरते, आखूड दोरी पटपट!

घरात पेटी घ्यायची असेल तर नवीच पाहिजे असं नाही. जुनी चांगली पेटी नव्या कामचलाऊ पेटीपेक्षा केव्हाही बरी. पण घेताना पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. समोरचे सगळे खटके बंद करून भाता भरावा. भाता तसाच फुगलेला राहिला तर ठीक, फुस्स करून बसला तर हवा कुठेतरी गळते आहे. मग एकेक पट्टी, पांढरी आणि काळी, हलक्या हवेवर दाबून पाहावी. प्रत्येकीने एकसारखं बोललं पाहिजे आणि सोडल्यावर लगेच गप्प बसलं पाहिजे. दाबलेली पट्टी खालीच राहत असेल तर दमटपणाने लाकूड फुगलं आहे किंवा स्प्रिंग गंजली आहे. शेवटी आत टॉर्च मारून उंदराचा, झुरळाचा माग दिसतो का ते पाहावं. आणि रीडला स्वतः कधी हात लावू नका हं! टोकाकडे जरासं घासलं तर सूर चढतो, मुळाकडे घासलं तर उतरतो. ते जाणकाराचं काम आहे.

आमच्या काकांनी भात्याचं कापड बदललं, स्प्रिंगा नव्या घातल्या. एक पट्टी अजूनही थोडी घोगरी बोलते. मुलं तिला ‘सर्दीवाली’ म्हणतात.

ढोलकीला नव्या पुड्या चढवल्या. उजव्या हाताची लहान पुडी, तिच्यावर बाहेरून काळी शाई. डाव्या हाताच्या मोठ्या पुडीला मसाला आतल्या बाजूने लावलेला असतो. म्हणून एक बाजू ‘टण’ बोलते आणि दुसरी ‘धूंम’. शाईला पाणी अजिबात चालत नाही. घामाचे हात पुसून, थोडी पावडर लावून वाजवायला बसावं. आमची ढोलकी बोल्टची आहे. पाना हातात आला की मुलांना वाटतं, एकच बोल्ट करकचून पिळावा. तसं केलं तर पुडी एका बाजूला ताणली जाते आणि फाटते. एक बोल्ट थोडा, मग त्याच्या बरोबर समोरचा थोडा, असं फिरत जायचं. वाजवून झाल्यावर ताण जरा कमी करून ठेवायचा. आपल्या कोकणात पावसाळ्यात चामडं ओल धरून सैल पडतं. तेव्हा पिळून ठेवलेली ढोलकी कोरडी हवा सुटली की आपोआप ताणते आणि मग एके रात्री कपाटातून ‘फट्’!

आता सूर लावायचा तो कोणता? इथे मी तिसरी चूक केली. मोबाइलवर पुरुष गायकाचं गाणं लावून मुलांना त्याच पट्टीत गायला लावलं, काळी एकमध्ये. मुलं खालच्या सुरांना पोचेनात, नुसती पुटपुटायला लागली. मला वाटलं, यांना गाता येत नाही. मग एका मुलीने आपल्या मनाने उंच सूर धरला आणि सगळा वर्ग तिच्यामागे खणखणीत गायला लागला. पेटीवर तो सूर शोधला तर काळी चार. पालकहो, मूल बेसूर आहे असं म्हणण्याआधी पट्टी बदलून पाहा.

राहिली हलगी. ती पुरातून वाचली होती, कारण भिंतीवर अगदी उंच खिळ्याला टांगलेली होती. ती मी शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाच्या हातात दिली. डाव्या हातात लांब बारीक काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. पंधरा मिनिटांत त्याने अशी वाजवली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. पांढरा शर्ट, हातात छत्री. दारातच थांबले.

“बाई, माझ्या नातवाच्या गळ्यात डफडं कोणी अडकवलं?”

मी म्हटलं, “मी दिलं. बाबा, त्याचा हात फार छान आहे हो.”

“हात आहेच,” ते म्हणाले, “तोच तर त्रास आहे.”

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगायला लागले. त्यांच्या आजोबांना गावात हलगी वाजवावी लागायची. ‘वाजवावी लागायची’ हेच शब्द. लग्न असो, देवाची पालखी असो, दवंडी असो, हाक आली की जायचं. रात्री-अपरात्री, तापाने फणफणलेला असला तरी. वाजवायचं मांडवाबाहेर उभं राहून आणि मिळायचं ते उरलंसुरलं. नको म्हणायची सोय नव्हती. १९२७ साली ते महाडच्या परिषदेला आले होते, असं घरात सांगत. परत गेले आणि हलगी जी खिळ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. गावाने धान्य बंद केलं तरी नाही.

“त्यांनी सोडलेली ती, बाई. तुम्ही ती पुन्हा माझ्या नातवाला दिलीत.”

मुलांनो, तुम्हाला चवदार तळ्याचा धडा माहीत असेल. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. पण कागदावर खुलं झालेलं पाणी ओंजळीत आलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तळं खुलं ठेवण्याच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. हे सगळं मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण या तळ्यावरून घरी गेलेल्या एका माणसाने त्या दिवसापासून आपली हलगी भिंतीला टांगली, हे मला कुठे ठाऊक होतं? मी चामडं, ताण, काडी एवढाच विचार करत होते.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, “तुम्ही म्हणाल तसं. तो पेटीवर बसेल.”

तो पेटीवर बसला. हलगी दुसऱ्या मुलाकडे गेली. त्याच आठवड्यात एका मुलीची आई येऊन हळूच म्हणाली, “बाई, आमच्याकडे चामड्याला हात लावत नाहीत हो, हिला ढोलकी नको.” मी विचारलं, “तुमच्या देवळात भजनाला मृदंग असतो ना? त्याला काय लावलेलं असतं?” त्या विचारात पडल्या, मग हसल्या. ती मुलगी आज आमची सगळ्यात तयार ढोलकीवाली आहे. पण आजोबांना हसवणारं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं.

जानेवारीत आम्ही ठरवलं, की २० मार्चसाठी पाण्यावरचं एक गाणं मुलांनीच लिहायचं, चाल लावायची आणि ते रेकॉर्ड करायचं. तालमीला पालकांना यायला मोकळीक होती. आजोबा रोज यायला लागले. मागे बसायचे, छत्री मांडीवर. मी मुलांना सांगत होते, की गाणी गात गावोगाव फिरण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. आंबेडकरी जलसे ढोलकी-पेटीवर गाऊन शिक्षणाची आणि समतेची गोष्ट सांगायचे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तर मोठेपणी मुंबईत लिहा-वाचायला शिकले आणि पुढे आयुष्यभर गाणी रचून गात राहिले. आजोबा मान डोलवत होते. पोवाड्यांचंही बोलणं निघालं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्या पोलादपूर तालुक्यातलंच, त्यामुळे डफ-तुणतुण्याचा आवाज इथे कोणाला नवा नाही.

एका सकाळी धुकं फार होतं. हलगी ‘धब धब’ करायला लागली, एकदम मेलेला आवाज. ज्याच्याकडे ती होती त्या मुलाने अंगणात कागद पेटवले आणि हलगी थेट जाळावर धरली.

“अरे, अरे! जाळशील तिला!” मागून आवाज आला. आजोबा उठले होते. छत्री खाली पडली होती. त्यांनी हलगी काढून घेतली, जाळापासून हातभर लांब धरली आणि चाकासारखी गोल फिरवत राहिले. मधेच बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची. “एका जागी धरायची नाही. चामडं एका जागी तापलं की तिथेच तडकतं. हाताला सोसेल तेवढीच ऊब तिला द्यायची.” टिचकीचा आवाज ‘धब’वरून ‘टप’वर आला, मग ‘टण्’. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“तुम्ही कुठे शिकलात हो आजोबा?” कोणीतरी विचारलं.

“शिकलो नाही. वडील एकदा हातवारे करून सांगत होते, ते पाहिलं होतं,” ते म्हणाले. मग हलगी हातात धरून तसेच उभे राहिले. नातू पेटीमागून त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी त्याला खुणेने बोलावलं आणि हलगी त्याच्या हातात दिली.

“वाजव. पण कोणी हाक मारली म्हणून वाजवायची नाही. तुला वाजवावीशी वाटली तर वाजवायची. आणि मांडवाच्या आत बसून.”

त्या दिवशी आम्ही शाळेचा एक नियम केला: कोणतंही वाद्य कोणा एकाच्या नावावर नाही. दर सोमवारी वाद्यं बदलायची. प्रत्येकाने प्रत्येक वाद्य वाजवायचं आणि पुसून जागेवर ठेवायचंही प्रत्येकाने. जागा म्हणजे वरचा कप्पा. हजेरीपत्रकं आता खाली आहेत!

(एक सूचना: हलगी शेकायची ती मोठं माणूस शेजारी असतानाच. जाळ नको असेल तर पाच-दहा मिनिटं कोवळं ऊन दाखवा. फायबरच्या पानाची हलगी असेल तर शेकायचीच नाही, ती बोल्टवर ताणतात. आणि बंद खोलीत हलगी फार वेळ वाजवू नका. नंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर समजा, कानांना जास्त झालं.)

आता रेकॉर्डिंग. आमच्याकडे स्टुडिओ कुठला? माझा मोबाइल होता. आधी आम्ही प्रत्येक खोलीत जाऊन एकेक टाळी वाजवली. वर्गात टाळी घुमली, कारण उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी. पुस्तकांच्या खोलीत टाळी जिथल्या तिथे विरली. पुस्तकं आवाज शोषून घेतात. तीच खोली घेतली आणि मुलांनी घरून आणलेल्या गोधड्या खिडक्यांवर टांगल्या. पंखा बंद. मोबाइल विमान-मोडवर, नाहीतर ऐन कडव्यात कोणाच्या तरी मावशीचा फोन येतो. मोबाइल बाकावर ठेवायचा नाही, बाकाला लागलेला प्रत्येक धक्का त्यात उतरतो. पुस्तकांचा ढीग, त्यावर घडी घातलेला टॉवेल आणि त्यावर मोबाइल.

मग कोणी कुठे बसायचं? मोठ्याने बोलणारं वाद्य लांब, नाजूक आवाज जवळ. गाणारी मुलं मोबाइलपासून दोन हातांवर, पेटी बाजूला, ढोलकी त्यांच्या मागे आणि हलगी पार दाराशी. आधी सगळ्यात जोरात असलेली ओळ गाऊन पाहिली. मोबाइलवरची आवाजाची रेघ लाल झाली, तसं सगळ्यांनाच थोडं मागे सरकवलं. हळू आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज कोणालाच शिवता येत नाही. दहा सेकंदं रेकॉर्ड करायचं, इअरफोन लावून ऐकायचं, जागा बदलायची, पुन्हा ऐकायचं. अर्धा वेळ आमचा ऐकण्यातच गेला आणि तोच खरा उपयोगाचा ठरला.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती काढल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या. माझ्या बाबांच्या पेटीची घरी एकच कॅसेट होती. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते आम्ही मोडले नव्हते. कोणीतरी तिच्यावर सिनेमातली गाणी भरली. बाबा आता नाहीत आणि त्यांची पेटीही ऐकायला नाही. तुमच्या घरी कोणी गात-वाजवत असेल तर आजच रेकॉर्ड करा आणि दुसरी प्रत काढून ठेवा.

पाचव्या वेळी गाणं मनासारखं झालं. हलगीचा शेवटचा ठोका पडला, सगळे श्वास रोखून बसले होते आणि मागच्या बाजूने अगदी हळू आवाज आला, “हं.” आजोबांचा. संध्याकाळी मुलं मोबाइलभोवती जमली. एकजण म्हणाली, “बाई, शेवटचं ते ‘हं’ कापून टाकूया ना, आता येतं मला.”

हलगी पुसत बसलेला आमचा वादक मान वर न करता म्हणाला, “राहू दे ते.”

मग आम्ही ते राहू दिलं.